हॉस्पिटलमधल्या औषधांच्या चुका कमी करायच्यात? मग हा क्रम पाळा

बहुतेक ठिकाणी असंच होतं बघा. वॉर्डात एखाद्या पेशंटला चुकीचा डोस जातो, दुसऱ्या दिवशी मीटिंग लागते, जिच्या हातून झालं त्या सिस्टरला मेमो मिळतो, सगळ्यांचं एक तासाचं ट्रेनिंग होतं, ट्रॉलीवर एक पोस्टर चिकटतं आणि काही महिन्यांनी तीच चूक दुसऱ्याच कुणाच्यातरी हातून होते. मग म्हणायचं स्टाफ ऐकतच नाही. स्टाफ ऐकतो हो. पण ज्या कप्प्यात चूक तयार होते तो कप्पा तसाच असतो, ज्या कागदावर तयार होते तो कागदही तसाच. मी फार्मासिस्ट आहे, बरीच वर्षं वॉर्ड आणि फार्मसीच्या मध्ये जिने चढ-उतर करण्यात गेलीयेत, आणि माझं ठाम मत झालंय की क्रम चुकतो म्हणून सगळी मेहनत वाया जाते. आधी साठा, मग ऑर्डर (डॉक्टरने लिहिलेली औषधांची सूचना), मग देण्याची पद्धत, आणि ट्रेनिंग या सगळ्याच्या सोबतीने. नुसतं ट्रेनिंग सगळ्यात आधी करू नका.

तयारी: सुरुवात करायच्या आधी हे हाताशी ठेवा

टीम छोटी ठेवा, चार-पाच जण पुरे. एक डॉक्टर जो स्वतः रोज ऑर्डर लिहितो (नुसता सही करणारा नको), एक फार्मासिस्ट, एक नाईट ड्युटी करणारी सिस्टर, आणि खरेदी बघणारा माणूस. हा शेवटचा माणूस हमखास विसरला जातो आणि नंतर त्याच्याचमुळे अडतं, कारण कंपनी बदलली की खोक्याचा रंग बदलतो आणि वॉर्डात कुणाला पत्ताच नसतो.

एकच वॉर्ड निवडा. अख्खं हॉस्पिटल एकदम घेऊ नका. कुठला घ्यायचा हे कळत नसेल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषध सुरक्षेची मोहीम सुरू करताना ज्या तीन जागांवर बोट ठेवलं होतं त्या बघा: जास्त धोक्याची औषधं आणि प्रसंग, एकाच पेशंटला खूप औषधं चालू असणं, आणि पेशंट एका जागेहून दुसरीकडे जाणं. तिन्ही गोष्टी जिथे रोज घडतात तो वॉर्ड घ्या.

मग त्या वॉर्डातले कुठलेही २० ड्रग चार्ट (पेशंटच्या ऑर्डर आणि दिलेल्या डोसच्या सह्या ज्यावर असतात ते कागद) उचला आणि मोजा. ऍलर्जीचा रकाना किती ठिकाणी रिकामा आहे, वजन किती ठिकाणी लिहिलंय, शॉर्टफॉर्म किती आहेत, किती डोसच्या पुढे ना सही ना कारण. हे आकडे जपून ठेवा, शेवटी लागणार आहेत.

> थांबा: कुणी चूक केली हे या मोजणीत लिहायचं नाही. एक जरी नाव कागदावर आलं तरी पुढे कोणी काही सांगणार नाही.

टप्पा १: एका औषधाच्या मागे मागे चाला

ऑर्डर लिहिल्यापासून पेशंटच्या अंगात जाईपर्यंत एका औषधाचा माग काढा. कोणी लिहिलं, कोणी उतरवून घेतलं, फार्मसीत कसं गेलं, कुठे थांबलं, कोणी काढलं, कोणी तयार केलं, कोणी दिलं. दिवसा एकदा आणि रात्री एकदा, दोन्ही वेळा करा कारण रात्रीचं हॉस्पिटल वेगळंच असतं.

सिस्टरला आधी सांगा की मी तुला तपासायला आलेली नाही, तुला काय काय अडथळे येतात ते बघायला आलेय. मी एका संध्याकाळी ट्रॉलीशेजारी उभी राहिले आणि तिला कोणी हाक मारली की कागदावर एक रेघ, एवढंच करत होते. फोन, नातेवाईक, डॉक्टर, लॅबचा माणूस, सलाईन संपलं, परत फोन. औषधं द्यायचा राउंड अर्धा व्हायच्या आत पानावर रेघा मावेनात. आणि त्यातल्या एका हाकेनंतर ती परत आली तेव्हा तिने तयार केलेली सिरिंज हातात घेऊन दोन सेकंद नुसती बघत राहिली, ही कोणाची होती. ते दोन सेकंद मी अजून विसरलेले नाही.

टप्पा २: धोक्याचा साठा वॉर्डातून हलवा

सगळ्यात जास्त फायदा इथे होतो म्हणून इथेच जास्त वेळ घालवा.

पहिलं नाव पोटॅशियम क्लोराईड. १५ टक्क्यांच्या १० मिली अँप्युलमध्ये (छोट्या बंद कुपीत) २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम असतं आणि ते पातळ न करता सरळ शिरेत ढकललं तर हृदय बंद पडू शकतं. एका वॉर्डात मी कप्पा उघडला तर ही अँप्युल आणि स्टराईल वॉटरची अँप्युल शेजारी शेजारी, दोन्ही १० मिली, दोन्ही पाण्यासारख्या पारदर्शक, अक्षरं बारीक. रात्री अडीच वाजता मंद उजेडात अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला कोणी हात घातला तर? तिथे कितीही हुशार माणूस उभा करा, कधीतरी चुकणारच. त्यामुळे जनरल वॉर्डातून हे अँप्युल बाहेर काढा. जमत असेल तर आधीच पातळ केलेल्या बॅगा फार्मसीतून द्या. आयसीयूमध्ये ठेवावंच लागलं तर वेगळ्या कुलूपबंद डब्यात, वर मोठं लेबल, 'पातळ करूनच द्या'.

> थांबा: साठा हलवायच्या आधी हे ठरवा की रात्री लागलं तर कोण देणार आणि किती मिनिटांत देणार. हे न ठरवता काढून घेतलं की स्टाफ दोन-चार अँप्युल ड्रॉवरमध्ये, खिशात लपवून ठेवतो. त्यांची पण चूक नाही, पेशंट समोर असतो. पण लपवलेला साठा उघड्या साठ्यापेक्षा वाईट.

पुढे इन्सुलिन. जिथे मिलीला ४० युनिट आणि मिलीला १०० युनिट अशा दोन्ही व्हायल (रबरी बुचाच्या छोट्या बाटल्या) असतात तिथे सिरिंजही दोन प्रकारच्या असतात आणि तिथेच घोळ होतो. १०० ची व्हायल आणि ४० ची सिरिंज असं झालं की २० च्या खुणेपर्यंत भरलेल्या सिरिंजमधून ५० युनिट जातात, म्हणजे अडीचपट. उपाय साधा आहे, वॉर्डात एकाच ताकदीचं इन्सुलिन ठेवा आणि त्याच्याच सिरिंज ठेवा. साध्या सिरिंजने इन्सुलिन काढायचं पूर्ण बंद.

हेपरिनची (रक्त पातळ करणारं इंजेक्शन) गंमत अशी की ५ मिलीच्या व्हायलवर ५००० हा आकडा ठळक दिसतो पण तो एका मिलीचा असतो, पूर्ण व्हायलमध्ये २५,००० युनिट. घाईत अख्खी व्हायल म्हणजे ५००० असं वाटलं की पाचपट डोस गेला.

मेथोट्रेक्सेट सांधेदुखी किंवा सोरायसिससाठी आठवड्यातून एकदा असतं. ते चुकून रोज गेलं तर जीव जाऊ शकतो, आणि जगभर असे मृत्यू झालेत. ऑर्डरवर वार लिहायचा, 'दर सोमवारी', आणि कशासाठी ते पण. रोजची ऑर्डर आली तर फार्मसीने फोन केल्याशिवाय गोळी सोडायचीच नाही.

व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरचं, फक्त शिरेतून द्यायचं औषध आहे, मणक्यात गेलं तर जवळजवळ नेहमीच जीव जातो. म्हणून ते सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाईन बॅगेतून द्या, बॅग कोणी मणक्यात टोचत नाही. तशीच गोष्ट रक्तस्राव थांबवणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक ऍसिडची. त्याची अँप्युल ऑपरेशन थिएटरमध्ये मणक्यात टोचायच्या भुलीच्या बुपिव्हाकेनशेजारी असते, दिसायला सारखी, आणि चुकून मणक्यात दिली गेल्यावर फिट येऊन मृत्यू झालेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये यावर खास इशारा काढला होता. दोन्ही वेगवेगळ्या खोक्यात, वेगवेगळ्या कपाटात ठेवा. मॉर्फिनसारखी औषधं आणि स्नायू ढिले करणारी औषधं पण याच यादीत घ्या.

आता सारख्या नावांची औषधं. डोपामिन आणि डोब्युटामिन, व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन, हायड्रॅलाझिन आणि हायड्रॉक्सिझिन. आपण काय करतो, कपाट छान वर्णानुक्रमे लावतो, म्हणजे जी नावं सारखी तीच बरोबर शेजारी शेजारी येतात! वर्णानुक्रम मोडा. अशा जोड्या मुद्दाम लांब ठेवा आणि नावातला जो भाग वेगळा आहे तो लेबलवर ठळक करा.

> तपासा: रात्री ११ नंतर न सांगता वॉर्डात जा आणि प्रत्येक ड्रॉवर, ड्रेसिंग ट्रॉली, इमर्जन्सी ट्रे उघडून बघा. काढलेली अँप्युल कुठे सापडली तर ओरडू नका, विचारा की रात्री मिळायला किती वेळ लागला. उत्तरातच तुमची पुढची दुरुस्ती असेल.

टप्पा ३: ऑर्डर लिहायची पद्धत बदला

डॉक्टरांना वाचनीय अक्षर काढा म्हणून विनंती करण्यात आयुष्य जातं. त्याऐवजी चार्टच असा छापा की चुकीचं लिहायला जागाच राहणार नाही. औषध, डोस, युनिट, मार्ग (तोंडाने की शिरेतून), वेळ, कारण, प्रत्येकाचा वेगळा रकाना, आणि ऍलर्जी व वजन चार्टच्या डोक्यावर प्रत्येक पानावर.

काही गोष्टी सरळ बंद करा:

- युनिटसाठी नुसतं इंग्रजी 'यू' लिहिणं. ते शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० होतात. पूर्ण 'युनिट' लिहा.
- १.० असं लिहिणं. टिंब पुसट झालं की १० वाचलं जातं. नुसतं १ लिहा.
- .५ असं लिहिणं. ०.५ लिहा, नाहीतर ५ जातं.
- 'ओडी'. कुणाला ते दिवसातून एकदा वाटतं, डोळ्यांच्या वॉर्डात उजवा डोळा वाटतो.
- मायक्रोग्रॅमचा ग्रीक अक्षरातला शॉर्टफॉर्म. मिग्रॅ वाटला तर हजारपट फरक.
- 'आधीचं सगळं चालू'. ही ऑर्डरच नव्हे. ऑपरेशननंतर किंवा वॉर्ड बदलल्यावर प्रत्येक औषध परत लिहायचं.

लहान मुलांच्या ऑर्डरमध्ये मिग्रॅ आणि मिली यांचा गोंधळ फार घातक. पॅरासिटामॉलच्या सलाईनमध्ये मिलीला १० मिग्रॅ असतं, तर ६० मिग्रॅ म्हणजे ६ मिली. पण ६० हा आकडा डोक्यात बसलेला असतो आणि ६० मिली जातं, दहापट. म्हणून मुलांच्या ऑर्डरवर तीन गोष्टी हव्यातच, वजन किलोमध्ये, किलोमागे किती मिग्रॅ हा हिशोब, आणि शेवटचा डोस मिग्रॅ आणि मिली दोन्हीत. वजन अंदाजे लिहायचं नाही, काटा आणा.

मोठ्यांमध्ये पण पॅरासिटामॉल बघा. एका ऑर्डरवर गोळी, दुसऱ्यावर इंजेक्शन, तिसऱ्यावर दुखण्याची मिक्स गोळी, तिन्हीत तेच, आणि २४ तासांत ४ ग्रॅमची मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही. 'लागल्यास द्या' अशा प्रत्येक ऑर्डरवर कशासाठी, किती तासांनी आणि दिवसात जास्तीत जास्त किती, हे तीन शब्द तरी हवेतच.

फोनवरची ऑर्डर फक्त इमर्जन्सीत घ्या. ऐकणाऱ्याने लिहून घ्यायचं आणि लिहिलेलं परत वाचून दाखवायचं. आकडा सुटा सुटा म्हणायचा, 'फिफ्टीन, एक-पाच', कारण फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखंच ऐकू येतं.

टप्पा ४: ऍडमिट होताना घरच्या औषधांची खरी यादी करा

"काही औषधं चालू आहेत का?" असं विचारलं की अर्धे लोक "नाही, फक्त बीपीची गोळी" म्हणतात. प्रश्न फोडून विचारा. डोळ्यात थेंब घालता का, पंप ओढता का, आठवड्यातून एकदाच घ्यायचं काही आहे का, झोपेची गोळी, कुठे पॅच लावलाय का, दुकानातून स्वतःच आणलेलं काही, दुसऱ्या पॅथीचं काही. मग गोळ्यांची पाकिटं प्रत्यक्ष बघा. निदान दोन ठिकाणांहून खात्री करा, पेशंट आणि पाकीट, किंवा नातेवाईक आणि जुना केसपेपर.

यादी २४ तासांच्या आत व्हायला हवी, आणि नुसती यादी करून फाईलमध्ये लावून उपयोग नाही, प्रत्येक औषधासमोर डॉक्टरने लिहायचं की चालू, बंद की बदल, आणि बंद असेल तर परत कधी. रक्त पातळ करणारी गोळी ऑपरेशनसाठी बंद होते आणि परत सुरूच होत नाही, हे फार वेळा बघितलंय.

> थांबा: घरून आणलेली औषधांची पिशवी उशाशी राहू देऊ नका. वॉर्डातून सिस्टर देते आणि नातेवाईक काळजीपोटी पिशवीतूनही देतात, डबल डोस होतो. त्यांना प्रेमाने समजावून पिशवी नाव टाकून जमा करा.

टप्पा ५: फार्मसी

इथे थोडक्यात. फार्मासिस्टला किडनीचा रिपोर्ट आणि वजन दिसायला हवं, नाहीतर तो डोस कशाच्या आधारावर तपासणार? औषध पेशंटच्या नावाने लेबल करून वॉर्डात पाठवा, वॉर्डात मोठा साठा नको. फ्रीज २ ते ८ डिग्री, रोज दोनदा नोंद, गोठलेलं इन्सुलिन फेकायचं. उघडलेल्या व्हायलवर उघडल्याची तारीख. आणि कंपनी किंवा खोकं बदललं की त्याच दिवशी वॉर्डात जुनं-नवं दोन्ही हातात घेऊन दाखवायला जायचं, मेसेज टाकून काम झालं असं समजू नका.

टप्पा ६: पेशंटजवळ

१. एका वेळी एकाच पेशंटचं औषध तयार करा. सगळ्यांच्या सिरिंज ट्रेमध्ये भरून फिरणं बंद. वेळ वाचतो असं वाटतं, खरं आहे, पण गोंधळाची सुरुवात तिथेच.

२. सिरिंज भरली की हातातून खाली ठेवायच्या आधी लेबल. लेबल नसलेली सिरिंज सापडली तर ती फेकायची, कोणी कितीही खात्रीने सांगितलं तरी.

३. ओळख दोन गोष्टींनी, पूर्ण नाव आणि हॉस्पिटल नंबर, मनगटावरचा पट्टा वाचून. बेड नंबर ही ओळख नव्हे, पेशंट बेड बदलतात. "तुम्ही अमुक ना?" विचारू नका, कमी ऐकू येणारा माणूस सगळ्याला हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणा.

४. ऍलर्जी परत एकदा विचारा. चार्टवर असली तरी.

५. जास्त धोक्याच्या औषधाला दुसऱ्याची तपासणी. इथे सगळीकडे एकच चूक होते. "हे बघ गं, एक मिली हेपरिन, बरोबर ना?" "हो." झाली तपासणी! याला तपासणी म्हणत नाहीत, ती नुसती मान डोलावणं झाली, कारण उत्तर आधीच सांगितलंय. दुसरीने ऑर्डर स्वतः वाचायची, व्हायल स्वतः वाचायची, हिशोब स्वतः करायचा आणि मग दोघींचे आकडे जुळवायचे. वेळ लागतो, म्हणून हे सगळ्या औषधांना लावू नका, नाहीतर सगळ्यांनाच मान डोलवायची सवय लागते. इन्सुलिन, हेपरिन, पोटॅशियम, मॉर्फिन, केमो आणि लहान मुलांची इंजेक्शनं, एवढ्यांना पक्कं करा.

६. शिरेतून ठरलेल्या वेगाने औषध सोडणारा पंप असेल तर सुरू करायच्या आधी आकडा मोठ्याने वाचा. ५.० च्या जागी ५० दाबलं जातं.

७. नळीतून पोटात द्यायचं पातळ औषध तोंडाच्या सिरिंजनेच, जी शिरेच्या कनेक्शनला बसतच नाही. साधी सिरिंज वापरली तर एक दिवस ते सिरप शिरेत जाणार.

८. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्या नाहीत, दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. कुटता येत नाहीत अशा गोळ्यांची यादी ट्रॉलीवर लावा.

९. मिसळण्याचे नियम पण ट्रॉलीवर हवेत. फेनिटोइन (फिटचं औषध) डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाईनमध्ये) घातलं की कण तयार होतात, त्याला नॉर्मल सलाईनच लागतं. सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक आणि कॅल्शियम असलेलं सलाईन एकाच नळीत नको, नवजात बाळांमध्ये तर हे फार गंभीर. व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक घाईने नाही, १ ग्रॅमला निदान तासभर.

१०. दिल्यावर सही, आधी नाही. दिलं नाही तर कारण.

आणि अडथळ्यांचं काय? औषधांच्या राउंडच्या वेळी वॉर्डाचा फोन दुसऱ्या कोणीतरी घ्यायचा, नाव ठरवून. नुसती 'डिस्टर्ब करू नका' पाटी लावून फारसं काही होत नाही, फोन तर वाजतच राहतो.

> तपासा: आठवड्यातून एकदा एका राउंडला उभे राहा आणि फक्त दोन गोष्टी बघा, पट्टा वाचला का, आणि दुसऱ्या सिस्टरने व्हायल स्वतःच्या हातात घेतली का.

टप्पा ७: ड्युटी बदल, वॉर्ड बदल, डिस्चार्ज

हँडओव्हर पेशंटजवळ उभं राहून, चार्ट हातात घेऊन करा. चालू असलेले पंप, पुढचा डोस, चुकलेला डोस, एवढं तरी. जुना फेंटानिल पॅच (दुखणं कमी करायला त्वचेवर चिकटवतात तो) काढलाय का बघा, नवा लावला आणि जुना पाठीवर तसाच, असं होतं.

डिस्चार्जला चार रकाने करा: नवीन, बदललेलं, तसंच चालू, आणि बंद. 'बंद' हा रकाना जवळपास सगळे सोडतात आणि घरी जाऊन पेशंट जुनी गोळी आणि नवी गोळी दोन्ही घेतो, नावं वेगळी असली तरी औषध एकच. मग त्यालाच सांगायला लावा, "घरी गेल्यावर सकाळी काय काय घेणार?" चुकला तर तुमचं सांगणं कमी पडलं असं समजा आणि परत सांगा.

टप्पा ८: चूक झालीच तर

क्रम पक्का ठेवा. पहिला पेशंट: औषध थांबवा, नाडी-बीपी बघा, इन्सुलिन असेल तर लगेच शुगर, डॉक्टरला बोलवा. मग व्हायल, सिरिंज, पंपाची सेटिंग तशीच जपून ठेवा, घाबरून फेकू नका. मग पेशंटला किंवा घरच्यांना खरं सांगा, काय झालं आणि आता काय करतोय. मग लिहा. चार्टवर खाडाखोड नाही.

रिपोर्टचा फॉर्म एका पानाचा ठेवा, नाव लिहायची सक्ती नको. थोडक्यात टळलेल्या चुकाही घ्या, पेशंटला काही झालं नाही म्हणून सोडू नका. आणि ज्या सिस्टरच्या हातून झालं तिच्यासोबत त्या दिवशी कोणीतरी बसा. मी अशा मुलीला स्टोअररूममध्ये एकटी रडताना बघितलंय, त्या घटनेनंतर त्या वॉर्डातून बरेच महिने एकही रिपोर्ट आला नाही, चुका मात्र होतच होत्या.

टप्पा ९: परत मोजा

तीन महिन्यांनी त्याच वॉर्डातले परत कुठलेही २० चार्ट, तेच चार प्रश्न. रिपोर्टची संख्या सुरुवातीला वाढेल, मॅनेजमेंटला हे आधीच सांगून ठेवा नाहीतर ते घाबरतात. संख्या वाढली म्हणजे लोक बोलायला लागलेत.

फक्त रिपोर्टवर अवलंबून राहू नका. फार्मसीतून दर महिन्याला तीन गोष्टींची यादी काढा: कमी शुगरसाठी शिरेतून दिलेलं घट्ट डेक्स्ट्रोज, नॅलॉक्सोन (मॉर्फिनसारख्या औषधांचा उतारा), आणि व्हिटॅमिन के (रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्यांचा उतारा). ही तिन्ही बऱ्याचदा आधीचं काहीतरी जास्त झालं म्हणून दिली जातात. ज्या ज्या पेशंटला दिली त्याची फाईल उघडा आणि मागे मागे जा. आणि मीटिंगमध्ये पहिला प्रश्न हा ठेवा की या फाईलींमुळे आपण कुठला कप्पा, कुठला फॉर्म, कुठली ऑर्डर बदलली. उत्तर 'स्टाफला सूचना दिली' असं आलं तर ती फाईल बंद करू नका.